पूजा न झालेलं मशीन

वरठी

भंडाऱ्याला रेल्वेने जायचं तर भंडारा रोड स्टेशनावर उतरायचं, आणि ते स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. ही माहिती मला नागपूर सोडल्यावर समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी दिली. ‘मग रिक्षा मिळते ना?’ असं मी त्यांना इतक्या वेळा विचारलं, की शेवटी ते खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा लागलेली काळजी दसऱ्यापर्यंत काही सुटली नाही.

मी स्वभावाने घाबरट माणूस आहे. गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यावरून परत जाणारा. बायको म्हणते, तुमचा धंदाच भीतीचा आहे, आणि ते खरं आहे. सरकारी कार्यालयांत वर्षानुवर्षं चालत आलेले म्हातारे कॉम्प्युटर मरायच्या आत त्यांच्यातलं सगळं काढून नव्यात नांदवायचं, हे माझं काम. म्हणून माझ्या बॅगेत कपडे कमी आणि टॉवेलात गुंडाळलेल्या डिस्का जास्त असतात.

रिक्षावाल्याने वाटेत विचारलं, “कोन्या हापिसात जाता जी?”

मी पाण्याच्या खात्याचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत.

“दसऱ्याच्या तोंडावर कायले आले बाप्पा? साहेब लोकं तं सुटीवर गेले असतीन.”

तो बरोबर होता. साहेब सुटीवर गेलेच होते.

भंडारा

कार्यालयात दोन माणसांशी माझा संबंध आला. एक प्रतिभाताई रामटेके, कॉम्प्युटरचं सगळं बघणाऱ्या. दुसरे कापगते बाबू, हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले, कपाळावर बारीक गंध. कार्यालयातली प्रत्येक खुर्ची त्यांना नावानिशी ठाऊक असल्यासारखे ते वावरत.

ताईंनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे ते मशीन होतं. कधीकाळी पांढरं असलेलं, आता चहाच्या रंगाचं, अंगावर ऑइलपेंटने डेडस्टॉक रजिस्टरचा नंबर. आतून टक्... टक्... असा आवाज येत होता. या आवाजाने माझे तळहात ओले होतात. डिस्क शेवटच्या घटका मोजायला लागली की असा आवाज करते.

“हे शेवटचं बंद कधी केलं होतं?”

“बंद नाई करत सर. मी जॉइन झाली तेव्हापासून चालूच आहे. बंद केली अन् सुरूच नाई झाली तं?”

या मशीनचं काम एकच. कालव्यावर कोणत्या गावाची पाण्याची पाळी केव्हा, कुणाचे किती तास शिल्लक, याचा हिशेब करायचा आणि आदल्या दिवशी मोबाइलवर मेसेज पाठवायचा. मागे चिकटवलेल्या सिमकार्डाच्या डोंगलमधून तो मेसेज पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं गेट सांभाळणाऱ्याला, आणि शेतकऱ्यांना जातो. पूर्वी पाळीवरून डोकी फुटायची. आता वरच्या गावांनी ठरवून टाकलंय: त्या एका नंबरावरून मेसेज आला की आपलं गेट बंद करायचं, आणि नाही आला तर पाळी बदललीच नाही. लोक या मशीनचं ऐकतात, आणि ते मशीन टकटक करत होतं.

“एखादा मेसेज हातानेच पाठवला तर?” मी विचारलं.

“कोणाचे किती तास बाकी, ते तिच्याच पोटात आहे. अंदाजानं पाठवला तं भांडनं होतीन सर.”

उपाय ताईंनीच सुचवलेला होता. विकतच्या सॉफ्टवेअरचा आग्रह मोडून काढून, कुणाच्याही परवान्याची गरज नसलेल्या, सर्वांसाठी खुल्या लिनक्सवर त्यांनी नवं मोठं मशीन उभं केलं होतं. त्या एका मशीनच्या आत दुसरे तीन-चार कॉम्प्युटर चालवता येतात. प्रत्यक्षात ते कुठे नसतात, फक्त त्यांना स्वतःला ते ठाऊक नसतं. जुन्या मशीनची जशीच्या तशी प्रत काढायची, तीही ते चालू असतानाच, आणि नव्याच्या आत जागी करायची, एवढंच करायचं होतं.

कापगते बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे नवी मशीन पोटुशी आहे म्हना.”

इतकं नेमकं मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही. मी प्रत काढायला सुरुवात केली. पडद्यावरची पट्टी इतकी हळू सरकत होती, की सरकतेय हे बघायला मला मध्ये मध्ये नजर फिरवावी लागायची.

दिघोरी

दुसऱ्या दिवशीही पट्टी अर्ध्यातच होती. मी खोलीत येरझारा घालतो हे पाहून ताई म्हणाल्या, “सर, तुम्ही पाहून तिची स्पीड वाढनार नाई. हापिसची जीप लाखांदूरकडे चालली. माह्या गावाले, दिघोरीले चला, जेवून येऊ.”

वैनगंगेचा पूल ओलांडला, साकोलीवरून वळलो, आणि दोन्ही बाजूंना धानच धान, म्हणजे भातशेती. आमच्या पुण्याकडे शेत म्हटलं की ऊस, ज्वारी, मधेच द्राक्षाचा मांडव. इथे बांधाच्या चौकटीत एकच रंग, आणि अधूनमधून गावतलाव, त्यात कमळाची पानं. सुंदरच होतं. पण मला त्यातही पट्टी दिसत होती.

ताई मागे बसल्या होत्या. जीपवाल्याने पुढे माझ्या कानाशी हळूच सांगितलं, “ताईची शेती टेलवर, एकदम कालव्याच्या शेवटाले. अन् कापगते बाबूची वर. वरच्याले पान्याची फिकर नाई, साहेब.”

मी ते ऐकून ठेवलं. असल्या गोष्टी माझ्या डोक्यात लगेच मुरतात.

ताईंचे सासरे, शामरावबाबा, बांधावरच भेटले. पांढरा सदरा, हातात विळा, बोलणं तुटक. त्यांनी मला कालव्याच्या शेवटी नेलं. तिथलं तोंड कोरडं होतं, तळाला चिखल फाटून त्याच्या खपल्या झालेल्या. मग त्यांनी धानाची एक काडी वाकवून दाखवली. पोटातून नुकती लोंबी बाहेर डोकावत होती.

“आता निसवून राह्यला धान. या टाइमले पानी भेटलं तं दाना भरते. नाई तं पोचा. नुसता फोल.”

“पाळी केव्हा आहे?”

“दसऱ्याले पहाटे. म्हून यंदा मी नागपूरले नाई जाऊन राह्यलो.” त्यांनी वाकवलेली काडी सोडली. “दीक्षाभूमीले. माह्या बापानं मले खांद्यावर नेलं होतं, तवापासून कवा चुकलं नाई. यंदा चुकते. पानी सोडून कसा जाऊ? या दोघी सासू-सुना जातीन.”

मी म्हणालो, मेसेज नवमीला संध्याकाळी जाईल, काळजी करू नका. बोललो आणि जीभ चावली, कारण जे अजून झालेलं नाही ते झालं म्हणून सांगायचं नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, तळ्यातली मासळी आणि जवसाची चटणी होती. आमच्याकडे भात शेवटी, नावापुरता. इथे भातानेच सुरुवात आणि भातानेच शेवट, मध्येही भातच. ताईंच्या सासूबाई वाढताना थांबतच नव्हत्या. “पुन्याले काई खात नाई का जी?” त्यांनी विचारलं. एरवी मी असं जेवण आयुष्यभर आठवलं असतं. तेव्हा मात्र डोळ्यासमोर ती फाटलेल्या चिखलाची खपली होती.

संध्याकाळी परतलो तेव्हा प्रत पुरी झाली होती. माझा जीव भांड्यात पडला. नव्या मशीनवर ती ठेवलीच, शिवाय सवयीने एक प्रत माझ्या खिशातल्या डिस्कवर घेतली. जागी करून बघायचं काम सकाळवर ठेवलं, कारण चौकीदार किल्ल्या वाजवत उभा होता. निघताना कापगते बाबूंनी विचारलं, “झालं का साहेब?”

“झालं बाबू. आलं सगळं नव्यात,” मी म्हणालो. हे एक वाक्य मी बोलायला नको होतं.

भंडारा, खंडेनवमी

सकाळी तर्री-पोहे खाऊन कार्यालयात गेलो तर दारातच उदबत्तीचा वास आला. मागच्या खोलीकडे वळलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला एक क्षण लागला. टकटक बंद होती.

हॉलमध्ये सतरंजीवर सगळी हत्यारं मांडलेली. पातळी मोजायची दुर्बीण, मोजपट्ट्या, जुना टाइपरायटर, टेबलांवरचे कॉम्प्युटर. मध्यभागी पाटावर ते चहाच्या रंगाचं मशीन, शेजारी ताईंनी उभं केलेलं नवं मशीन. दोघांना हळद-कुंकू, झेंडूची माळ, लाल दोरा. समोर भंडाऱ्याच्या पितळेची मोठी समई. सगळं बंद. एकही दिवा लुकलुकत नव्हता.

खंडेनवमीला पूजा आमच्याकडेही होते. आम्ही कीबोर्डवर फूल ठेवतो आणि ते बाजूला सारून कामाला लागतो. इथे तसं नाही.

“बाबू,” मी विचारलं, “हे बंद कुणी केलं?”

“मीच केलं.” कापगते बाबू प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. “दर साली चालतीचीच पूजा करू, बरं नाई वाटे. तुमी काल सांगतलं, नव्यात आलं समदं. म्हटलं, एवढ्या वर्षांत तिले एक दिस सुटी नाई भेटली. आज तरी आराम करू द्या.”

“आणि नवं?”

“ते बी हत्यारच आहे न जी. पूजेले बसलं की बसलं. उद्या सोनं वाटून झालं की मीच बटन दाबतो.”

मी कपाळाला हात लावला. मग सगळं सांगितलं: प्रत अजून जागी करून पाहिलेली नाही, जुनं पुन्हा सुरू होईलच असं नाही, आणि दिघोरीच्या टेलचा मेसेज आज संध्याकाळच्या आत जायला हवा. बाबूंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तेवढ्यात प्रतिभाताई आल्या. त्यांनी मधल्या पाटाकडे एकदा बघितलं आणि त्या जवळच्या खुर्चीवर बसून राहिल्या.

“मामाजीनं नागपूर सोडलं यावर्षी,” त्या इतकंच म्हणाल्या.

“बाबू, सुरू करू या,” मी म्हणालो. “पाच मिनिटं.”

“पूजेतल्या हत्याराले आज हात नाई लावत साहेब. माह्या नोकरीत कवा लावला नाई.” ते समईतली वात सारखी करत होते.

तेव्हा जीपवाल्याचं बोलणं मला आठवलं. बाबूंची शेती वर, ताईंची खाली. मेसेज गेला नाही तर पाणी कुणाच्या शेतात राहणार होतं? हा विचार मनात आला आणि मी बाबूंकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. मला त्याची आजही लाज वाटते, पण आला हे खरं. आणि आणखी एक खरं सांगतो. बाबू नाही म्हणाले याचा मला आतून थोडा आधारही वाटला होता. बटण दाबायची वेळ माझ्यावर आली असती, आणि ते मशीन उठलं नसतं, तर?

झेंडूच्या माळा ओवायला आलेली मंडळी हळूच पांगली. मग बाबू उठले, खिडकीपाशी गेले आणि तिथूनच म्हणाले, “साहेब, तुमी काल खिशात बी काई टाकलं होतं न?”

“हो. एक प्रत.”

“ते पूजेत नवती.”

“नव्हती. पण ती चालवायला एखादं मशीन तर हवं?”

“मंग ताईच्या टेबलावरची?”

मी वळून बघितलं. हॉलमधली सगळी टेबलं रिकामी होती. फक्त खिडकीजवळच्या एका टेबलावर कॉम्प्युटर जागच्या जागी होता. ना कुंकू, ना फूल.

“ताईच्या टेबलाले आमी पूजेचं काई लावत नाई,” बाबू म्हणाले. “त्यायच्यात चालत नाई, आमाले मालूम आहे. कोनी लिहून नाई दिलं, पन पहिलेपासून तसंच आहे. त्या आमचा पेढा खातेत, आमी त्यायची चौदा एप्रिलची खीर खातो. त्या मशीनची पूजा झालीच नाई. मंग तिले सुटी कायची?”

ताई उठून उभ्या राहिल्या. “माह्या मशीनवर लिनक्सच आहे सर,” त्या म्हणाल्या. “चालन का?”

चालणार होतं. मशीनच्या आत मशीन चालवायची सगळी साधनं तिथे फुकट घालता येत होती. विकतची व्यवस्था असती तर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायला परवाना मागावा लागला असता, फोन करावा लागला असता, आणि नवमीला तो कुणी उचलला नसता. इथे कुणाला विचारायचंच नव्हतं. मी खिशातून डिस्क काढली. हात इतके ओले होते, की जोडणीची पिन दोनदा उलटी लागली.

पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. दुसऱ्यांदा निळा झाला, काही इंग्रजी ओळी आल्या आणि सगळं बंद पडलं. ताई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मग लक्षात आलं, या म्हाताऱ्याला नव्या पद्धतीची डिस्क ओळखता येत नाही. खोटी-खोटी जुन्या पद्धतीची डिस्क त्याला दिली. बराच वेळ एक रेघ लुकलुकत राहिली. मी मनातल्या मनात ज्यांची नावं घेतली त्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते.

मग पडद्यावर एक हिरवंगार धानाचं शेत उमटलं. जुन्या मशीनवरचं तेच चित्र, त्याच कोपऱ्यात तेच फोल्डर. त्याला कळलंही नव्हतं, की तो आता एका टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरच्या आत राहतोय.

“आहेत,” ताई म्हणाल्या. “समद्यायचे तास आहेत.” आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

राहिला डोंगल. तो जुन्या मशीनच्या पाठीला चिकटलेला, माळेच्या आत. आम्ही दोघं बाबूंकडे बघायला लागलो. बाबू पाटापाशी गेले, वाकले, लाल दोऱ्यावर बोट फिरवत राहिले.

“दोरा मशीनले बांधला आहे,” शेवटी ते म्हणाले. “याले नाई बांधला.” त्यांनी हात जोडले, मशीनला नमस्कार केला आणि स्वतःच्या हाताने डोंगल ओढून काढला.

दुपार कलायच्या आत मेसेज निघाले. सगळ्यात आधी वाजला तो बाबूंच्याच खिशातला फोन. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि लगेच घरी फोन लावला. “सांजेले आपलं गेट बंद करून टाका,” ते म्हणाले. “टेलची पाळी लागली. हो, आजच. मशीनचा मेसेज आला म्हटलं न.”

फोन ठेवून ते समईत तेल घालायला गेले. माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

वरठीहून नागपूर, दसरा

सकाळी गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे, डब्यांतली पोळी-भाजी, मांडीवर झोपलेली लेकरं. सगळे दीक्षाभूमीला निघालेले. प्रतिभाताई आणि त्यांच्या सासूबाईंनी मला मध्ये दाबून बसवलं. दोघींच्या साड्या कडक इस्त्रीच्या. पण सासूबाईंनी शेजारची एक जागा पिशवी ठेवून बराच वेळ अडवून धरली होती, आणि मग स्वतःच ती पिशवी उचलून एका बाईला बसू दिलं.

मला चैन नव्हतं. “ताई, मशीनचा प्लग कुणी काढणार नाही ना?”

“प्लगवर चिठ्ठी चिकटवली आहे सर. अन् बाबूले सांगून आली.”

“आणि वीज गेली तर?”

“यूपीएसची बॅटरी नवीन टाकली आहे.”

“पण मेसेज पाटकऱ्याने वाचला असेल ना?”

ताईही सारख्या फोन बघत होत्या. पहाट होऊन गेली होती, आणि दिघोरीहून फोन नव्हता.

फोन वाजला, पण माझा. कापगते बाबू होते. “साहेब, सोनं घ्या,” ते म्हणाले. “नवी सुरू झाली. जुनी मशीन काई उठली नाई जी. लई येळा बटन दाबलं. आवाजबी नाई.”

मी ताईंना सांगितलं. इतक्या गावांचं पाणी आता खिडकीजवळच्या एका टेबलावर चाललं होतं, आणि ते टेबल पूजेला घेतलं असतं तर तेही नसतं. असा विचार करायचा नाही असं मी स्वतःला बजावलं आणि तोच करत राहिलो.

मग ताईंचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला आणि काही न बोलता ऐकत राहिल्या. मला वाटलं, आवाज येत नसावा. मी खुणेने विचारलं. त्यांनी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. म्हातारीनेही डोळे मिटून ऐकलं आणि मग फोन माझ्याकडे दिला.

आत कुणीच बोलत नव्हतं. फक्त पाण्याचा आवाज होता, कोरड्या मातीवरून पुढे सरकणाऱ्या पाण्याचा, आधी चुरचुर आणि मग खळखळ. बाबांनी फोन कालव्याच्या तोंडाशी धरला असावा. डब्यातल्या गोंगाटात मी दुसरा कान बोटाने दाबून धरला.

थोड्या वेळाने शामरावबाबांचा आवाज आला. त्यांना वाटलं, फोन अजून घरातल्यांच्याच हातात आहे.

“पानी आला,” ते म्हणाले. “मी इथंच हात जोडतो. तुमी तिथं जोडजा.”